‘हिंदी बचावा’चें मूळ व देशी बुद्धिबळांतील मंद आरंभ

बुद्धिबळाच्या पाश्चात्य ग्रंथांत काळ्या बाजूच्या ज्या उत्तरांस ‘इंडियन डिफेन्स’ असें सामान्य नांव आहे, त्यांचा विस्तार आज एवढा झाला आहे कीं त्या नांवांतील ‘इंडियन’ या विशेषणाकडे खेळणाराचें लक्षही जात नाहीं. पांढऱ्यानें वजिरासमोरचें प्यादें सारून संथ व बंदिस्त डाव मांडला, म्हणजे काळ्यानें आपलें प्यादें लागलीच समोर न भिडवितां आधीं घोडा काढावा, घोड्यासमोरचें प्यादें एकच घर सारावें, त्याच्या मागच्या घरांत उंट बसवावा, राजास किल्लेकोट करून घ्यावा, आणि शत्रूनें पटाचा मध्य व्यापिल्यावर मग त्या मध्यावर बाजूनें घाव घालावा, अशी ही सामान्य रीत आहे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत निम्झोविच, रेटी, ग्रुनफेल्ड, तार्ताकोवर प्रभृति युरोपीय खेळाडूंनीं ती प्रतिष्ठेस आणिली, आणि तेव्हांपासून ती त्यांचीच निर्मिति समजण्याचा प्रघात पडला. या समजुतीस कितपत आधार आहे, आणि ‘इंडियन’ या शब्दाच्या पोटीं आमच्याकडील कोणती वस्तु दडली आहे, याचा विचार प्रस्तुत लेखांत कर्तव्य आहे. विषय खेळाचा असला तरी प्रश्न साधनांचा आहे. म्हणून तो या त्रैमासिकाच्या वाचकांपुढें मांडण्यास संकोच वाटत नाहीं.

प्रथम देशी खेळाचे नियम पाहूं. ते मी पुस्तकांतून शिकलों नाहीं. १९७२ च्या दुष्काळाच्या सालीं मी बारा वर्षांचा होतों. अकोल्याच्या जुन्या शहरांत राजराजेश्वराच्या देवळापासून थोड्या अंतरावर एका ओसरीवर सत्तरी उलटलेले एक गृहस्थ दुपारच्या वेळीं पट मांडून बसत, आणि शाळेला सुट्टी असली म्हणजे मी तेथें जात असें. त्यांच्या घरीं चालणारा खेळ असा होता : एकाचा राजा दुसऱ्याच्या वजिरासमोर येईल अशी मांडणी, प्याद्यास पहिल्या चालीसही एकच घर, राजास शह बसण्यापूर्वीं एकदांच घोड्याच्या चालीनें उडी मारण्याची मुभा, आणि शेवटच्या ओळीस पोंचलेलें प्यादें ज्या मोहऱ्याच्या घरीं पोंचलें तोच मोहरा होणार, वाटेल तो नव्हे. डावाच्या आरंभीं दोघेही मध्यरेषा न ओलांडतां आठ आठ चाली एकदम करून घेत, आणि मग एकाआड एक खेळ सुरू होई. एच्. जे. आर्. मरे यांनीं १९१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या बुद्धिबळाच्या इतिहासांत हिंदुस्थानांतील खेळाचें जें वर्णन आहे, त्याच्याशीं हें बहुतांशीं जुळतें. प्रांतोप्रांतीं फरक आहेत. कोठें राजा, वजीर व हत्ती यांच्या प्याद्यांस, तो तो मोहरा जागचा हललेला नसेल तर, दोन घरें जाण्याची मोकळीक असे. परंतु प्याद्यानें पावलापावलानें चालावें हा खेळाचा सामान्य धर्म होता.

आतां या एका नियमाचा डावाच्या आरंभावर काय परिणाम होतो तें पाहण्यासारखें आहे. युरोपीय रीतीनें दोन्हीं प्यादीं पहिल्याच चालींत समोरासमोर येऊन थडकूं शकतात. देशी रीतीनें प्याद्यास चौथ्या ओळींत यावयास दोन चाली लागतात. तोंवर शत्रु आपलें घर लावून मोकळा होतो. म्हणजे युरोपीय लोक ज्यास बंदिस्त डाव म्हणून वेगळा काढतात, तो आमच्याकडे नित्याचाच डाव होता. उघडा डाव हाच अपवाद. अशा डावांत उंटाची अडचण मोठी होते. वजिरासमोरचें प्यादें एक घर सरलें कीं राजाकडील उंटाची वाट अडते. राजासमोरचें सरलें कीं वजिराकडील उंटाची. घोड्यासमोरचें प्यादें मात्र एक घर सरलें तर त्याच्या मागच्या घरांतून उंटास पटावरील सर्वांत लांब तिरकी वाट मिळते, आणि मधलीं प्यादीं तिसऱ्या ओळींत असलीं तरी त्या वाटेंत येत नाहींत. दुसरी सोय राजाची. घोड्याच्या चालीनें उडी मारून राजास नेमकें तेंच, घोड्यासमोरील प्याद्याच्या मागचें, घर गांठतां येतें. उंट पुढें निघून गेला असेल तर तो आसरा तयारच असतो. युरोपांत ज्या मांडणीस तिरकस चातुर्य मानलें गेलें, ती देशी नियमांतून अशी सरळ उपजते. त्यासाठीं कोणा एका बुद्धिमंताची आवश्यकता नव्हती.

मी शाळेंत नवे नियम शिकून आलेला. काळीं घेऊन बसलों कीं मधलीं प्यादीं ढकलण्याची मला घाई. आजोबा (त्यांस आम्ही सर्व मुलें आजोबाच म्हणत असूं) हात धरीत आणि म्हणत, “घाई कायले करतं रे पोरा? येऊ दे त्याले पुढं. मंग पाहू.” हें ‘मंग पाहू’ म्हणजे आळस नव्हता, हें मला पुष्कळ उशिरां कळलें. त्यांच्या खेळांत शत्रूचीं प्यादीं पुढें आलीं कीं तीं परत फिरत नाहींत एवढाच सिद्धान्त होता. पुढें आलेल्या प्याद्यांचा सांभाळ मोहऱ्यांस करावा लागतो, आणि मोहरे सांभाळास गुंतले कीं काळ्याची पाळी येते. मराठींत ‘काटशह’ असा एक शब्द आहे. शह निवारतांना उलट शह देणें हा त्याचा अर्थ. शह फारसी आणि काट आपला, अशी त्याची जोडणी आहे. पटावरून तो राजकारणांत गेला आणि वर्तमानपत्रांनीं त्याचा चोथा केला, परंतु उत्तरांतच चढाई असावी ही कल्पना ज्या खेळांतून भाषेंत उतरली, त्या खेळास निव्वळ बचावाचा खेळ कसें म्हणावें?

संस्कृत साधनांत आरंभाविषयीं काय मिळतें? कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासां’त, म्हणजे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत, पांचव्या क्रीडाविंशतींत चतुरंगाचें प्रकरण आहे. गायकवाड प्राच्यमालेंतून निघालेल्या आवृत्तीचा हा भाग १९६१ सालीं छापून आला; मरे यांच्यापुढें तो नव्हता, आणि त्यांच्यावर विसंबून लिहिणाऱ्या पुष्कळांपुढें अद्यापि नसतो. सतराव्या शतकांत नीलकण्ठभट्टानें ‘भगवन्तभास्करां’तील नीतिमयूखांत बुद्धिबळाचें वर्णन केलें, मोहऱ्यांच्या गति दिल्या, व चौसष्ट घरांतून घोडा एकेकदांच फिरविण्याच्या रीतीही दिल्या. हें भट्टघराणें मूळचें पैठणचें, काशीस जाऊन राहिलेलें. त्याच ग्रंथाचा व्यवहारमयूख वारसाच्या दाव्यांत वकिलांनीं न्यायालयांत एवढा घोळला कीं त्याचीं पानें झिजलीं. शेजारच्या नीतिमयूखाकडे मात्र ढुंकून पाहण्यास कोणी आलें नाहीं. त्यानंतर त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांची ‘विलासमणिमंजरी’. तिचें इंग्रजी भाषांतर मुंबईस १८१४ सालीं छापलें गेलें. तींत भर आहे तो डावाच्या शेवटावर, म्हणजे थोडे मोहरे उरले असतां मात कशी करावी या कूटांवर.

या तिन्ही ग्रंथांत मांडणी आहे, गति आहेत, शेवट आहेत. पहिल्या चालीपासून ओळीनें लिहिलेला डाव नाहीं. याचें कारण मला असें दिसतें : जेथें पहिल्या आठ चाली दोघेही एकदम करून घेतात, तेथें पहिली, दुसरी, तिसरी असा क्रमच उरत नाहीं, उरते ती एक बांधणी. बांधणी ही बोटांनीं शिकविण्याची गोष्ट, ओव्या किंवा श्लोक रचण्याची नव्हे. ती गुरूच्या पटावरून शिष्याच्या पटावर गेली, आणि कागदावर उतरण्याचें तिला कारण पडलें नाहीं. आरंभाचें ज्ञान नव्हतें असा निष्कर्ष लेखनाच्या अभावावरून काढणें म्हणजे मोडी लेखनांत विरामचिन्हें नाहींत म्हणून कारकुनांस वाक्य कोठें संपतें हें कळत नव्हतें, असें म्हणण्यासारखें आहे.

तथापि अभाव तो अभावच, आणि त्याची थोडी भरपाई झाली ती कलकत्त्यास, तीही परक्याच्या हातून. जॉन कॉक्रेन (१७९८–१८७८) हा स्कॉटिश बॅरिस्टर व इंग्लंडांतील अग्रगण्य खेळाडूंपैकीं एक. तो कलकत्त्यास वकिली करीत असतां, १८४८ च्या सुमारास, तेथील क्लबांतील मंडळींस बातमी लागली कीं मुफसलांत एक ब्राह्मण आहे आणि त्यास बुद्धिबळांत कोणी हरविलेला नाहीं. हे महेशचंद्र बंद्योपाध्याय. इंग्रजी लेखांत यांचें नांव ‘मोहेशचंदर’ असें येतें. पुढील दहाबारा वर्षांत या दोघांनीं शेंकडों डाव खेळले आणि कॉक्रेननें ते चालवार टिपून ठेविले. पुष्कळसे लंडनच्या बुद्धिबळविषयक नियतकालिकांतून छापले गेले, म्हणून आज ते आपणांस वाचावयास मिळतात.

त्यांतील एक डाव मे १८५५ चा आहे. कॉक्रेन पांढरीं घेऊन संथपणें खेळतो : वजिरासमोरचें प्यादें, मग वजिराकडील उंटासमोरचें प्यादें, दोन्हीं दोन दोन घरें. महेशचंद्र राजाकडील घोडा काढतात, त्याच बाजूच्या घोड्यासमोरचें प्यादें एक घर सारतात, आणि तिसऱ्या चालीस वजिरासमोरचें प्यादें एकदम दोन घरें टाकून शत्रूच्या मध्यास आव्हान देतात. उंट लांब तिरकीवर बसतो, किल्लेकोट होतो, मध्यावर घोडे मारामारी करतात, आणि पांढऱ्याची प्याद्यांची भिंत उभी राहतांच काळा उंटासमोरचें प्यादें बाजूनें त्या भिंतीवर घालतो. हा क्रम १९२२ सालीं व्हिएन्नाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्ड यानें वापरला, त्याच वर्षीं अलेखाइनसारख्या वीरास त्यानें हरविलें, आणि तेव्हांपासून या बचावास ग्रुनफेल्डचें नांव आहे. मध्यें सदुसष्ट वर्षें गेलीं होतीं.

दुसरा एक डाव याहून नेत्रदीपक आहे. त्यांत कॉक्रेननें चार प्यादीं मध्यावर एका ओळींत आणून उभीं केलीं. महेशचंद्रांनीं वजिरासमोरचें प्यादें एक घर, घोड्यासमोरचें एक घर सारून उंट, घोडा व किल्लेकोट एवढेंच करून घेतलें. सातव्या चालीस त्यांनीं राजासमोरचें प्यादें मध्यावर घातलें, पाठोपाठ घोडा दिला, आणि शेवटीं स्वतःचा वजीर मारूं दिला. कॉक्रेनचा घोडा वजीर मारण्यांत गुंतला, तेवढ्यांत काळें प्यादें पांढऱ्याच्या हत्तीस जाऊन भिडलें आणि काळ्या उंटानें पांढरा वजीर घेतला. डाव काळ्यानें जिंकला. या डावांतील एक बारकावा सांगण्याजोगा आहे. नव्या नियमानें पहिल्या चालीस दोन घरें जाण्याची मुभा असतांही महेशचंद्र पहिल्या दोन्ही चालींस प्यादें एकेकच घर सारतात. सवय हातांत मुरलेली होती असें म्हणावयास याहून चांगला पुरावा कोणता? उलट १८५५ च्या डावांत तेच गृहस्थ वजिरासमोरचें प्यादें दोन घरें टाकतात, म्हणजे जुन्या बांधणींत नव्या नियमाचा उपयोग करून घेतात. नुसती सवय असती तर हें घडलें नसतें.

‘इंडियन’ हें नांव १८८४ च्या सुमारास छापील लेखनांत दिसूं लागतें, आणि तें याच डावांवरून पडलें. फिलिप सार्जंट या इंग्रज ग्रंथकारानें १९३४ सालीं हें ऋण मोकळ्या मनानें मान्य केलें असून, उंट असा कोपऱ्याकडून काढणें हा हिंदी खेळाडूंस त्यांच्या खेळांतून आलेला वारसा होय, अशा आशयाचें लिहिलें आहे. म्हणजे जें मी येथें म्हणत आहें तें इंग्रजांच्या पदरचेंच आहे; मीं नियमांच्या अंगानें त्याची उपपत्ति लावून दाखविली एवढेंच.

यावर दोन बाजूंनीं आक्षेप येतील. एक पक्ष म्हणेल कीं संथ खेळ हा अज्ञानाचा खेळ. देशी खेळाडूस मध्य व्यापतां येत नव्हता म्हणून तो मागें बसे. या पक्षास थोडा आधार आहे, तो लपवूं नये. कॉक्रेन व महेशचंद्र यांच्या डावांपैकीं बहुतेक कॉक्रेननेंच जिंकले. ज्या १८५५ च्या डावाचें वर्णन वर केलें, तोही काळ्यानें गमावला : आरंभ उत्तम साधला, पण पुढें वजीर व उरलेला घोडा पटाच्या कडेस भटकत राहिले आणि कॉक्रेननें घोडा थेट काळ्या राजाच्या कोटांत घालून मातीची तयारी केली. तटाआड बसणें म्हणजेच बचाव नव्हे, हें १५ डिसेंबर १८०३ रोजीं गाविलगड पडला तेव्हां वऱ्हाडानें पाहिलेंच आहे. परंतु एखादा डाव हरला म्हणून त्याचा आरंभ खोटा ठरत नाहीं. आरंभ खोटा असता तर ग्रुनफेल्डला तो सदुसष्ट वर्षांनीं कशाला लागता?

दुसरा पक्ष आपल्याच लोकांचा, आणि तो मला अधिक भितो असें नाहीं. हा पक्ष म्हणेल कीं मग सर्वच आमचें. हेंही खरें नव्हे. देशी खेळांत बांधणी होती. चालीमागून चाल असा तर्क, शत्रूच्या प्रत्येक उत्तरास प्रत्युत्तर, त्याची लेखी परंपरा आणि चिकित्सा, हें युरोपांत घडलें. महेशचंद्रांच्या डावांचें शास्त्र झालें तें ते टिपले गेले म्हणून. बीज आमचें, निगराणी त्यांची, असा हा व्यवहार आहे, आणि त्यांत कोणाचीच मानहानि नाहीं.

या मिश्र व्यवहाराचा एक गमतीचा दाखला सांगून पुढें जातों. पंजाबचा मीर सुलतान खान देशी नियमांवर वाढलेला. युरोपीय नियम त्यानें प्रौढपणीं शिकले. तरीही १९२९, १९३२ व १९३३ या तीन सालीं तो ब्रिटनचा विजेता झाला. १९३०–३१ च्या हेस्टिंग्जच्या सामन्यांत त्यानें माजी जगज्जेत्या कॅपाब्लांकास हरविलें. त्या डावांत ‘हिंदी बचाव’ खेळत होता तो कॅपाब्लांका, कारण काळीं त्याच्याकडे होतीं. आणि पांढऱ्या बाजूस बसलेल्या हिंदी माणसानें पांचव्या चालीस हत्तीसमोरचें प्यादें निवांतपणें एकच घर सारलें. पुढें ही लहानशी चाल पेट्रोशिअनच्या नांवानें गाजली.

आतां वऱ्हाडाकडे येतों. योगायोग असा कीं ज्या सुमारास कलकत्त्यास हे डाव टिपले जात होते, त्याच सुमारास, १८५३ सालीं, वऱ्हाड प्रांत निजामाकडून कंपनीच्या कारभाराखालीं आला. अमरावतीस कापसाचे व्यापारी आले, अकोल्यास कचेऱ्या आल्या. कॉक्रेन मात्र कोणी आला नाहीं. त्यामुळें अचलपूर, बाळापूर, अकोला येथें मराठी व उर्दू बोलणारे लोक एकाच पटावर जे डाव खेळत, त्यांतील एकही चालवार लिहिलेला माझ्या हातीं नाहीं. आजचे खेळाडू पुष्कळ पुढें गेले आहेत : अमरावतीचे स्वप्निल धोपडे ग्रँडमास्टर झाले, आणि शेजारच्या नागपूरच्या दिव्या देशमुख यांनीं २०२५ सालीं महिलांचा विश्वचषक जिंकला. त्यांचा प्रत्येक डाव क्षणांत जगभर जातो. त्यांच्या पणजोबांच्या पिढीचा एक डाव आपणांस दाखवितां येत नाहीं.

एक दाखवितां आला असता. तो माझ्या चुकीनें गेला. अकोल्याच्या आजोबांपाशीं त्यांच्या वडिलांची एक मोडी वही होती. तींत चौसष्ट घरांचे पट आंखलेले आणि घरांतून मोहऱ्यांचीं आद्याक्षरें लिहिलेलीं होतीं. मी अमरावतीस संस्कृताचा शिक्षक झाल्यावर एकदां त्यांच्याकडे गेलों असतां, त्यांनीं ती वही माझ्यापुढें केली आणि ‘घेऊन जा’ म्हणाले. मीं चाळली. मोडी गबाळ, शुद्धलेखन यथातथा, विषय खेळाचा. त्या दिवसांत माझें मन पोथ्यांत गुंतलेलें होतें. मीं ‘पुढच्या खेपेस’ म्हणून ती परत ठेविली. पुढची खेप झाली तेव्हां ते गेले होते, घर पाडलें होतें, आणि कागद रद्दींत गेले होते. ज्या विद्वानांनीं महानुभावांच्या सकळ लिपींतील पोथ्यांची किल्ली शोधून त्या उजेडांत आणिल्या त्यांचे गोडवे मी वर्गांत गात असें, आणि हातीं आलेलें साधन मीं असें टाकिलें.

संग्राहकांस विनंति एवढीच कीं बाडांत चौकटी आंखलेलें पान आढळलें तर तें यंत्र किंवा कुंडली समजून बाजूस ठेवूं नये. आठ आठ घरांची चौकट, आणि तींत रा, व, उं, घो, ह, प्या अशीं अक्षरें असलीं, तर तो पट. अक्षरें वरच्या व खालच्या तीन ओळींतच दाटलीं असून मधल्या दोन ओळी रित्या असल्या, तर ती आरंभाची बांधणी. तुरळक असलीं, तर शेवटाचें कूट. पहिल्या प्रकारचें एकही पान छापील संग्रहांत माझ्या पाहण्यांत आलेलें नाहीं.

त्या वहींतील एक बांधणी मात्र आजोबांनीं मला पटावर शिकविली होती म्हणून पाठ राहिली. ती पुढून खेळणाराची नव्हे, उत्तर देणाराची, आणि बरोबर आठ चालींची आहे. दोन्हीं घोड्यांसमोरचीं प्यादीं एकेक घर; दोन्ही उंट त्यांच्या मागच्या घरांत; राजा व वजीर यांच्यासमोरचीं प्यादीं एकेक घर; आणि त्यांनीं मोकळ्या केलेल्या दोन घरांत दोन्ही घोडे. घोडे असे आंत ठेवल्यानें उंटांच्या दोन्ही लांब तिरक्या मोकळ्या राहतात. १९६६ सालच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यांत स्पास्की यानें पेट्रोशिअनविरुद्ध काळ्या बाजूनें दोन डावांत हीच बांधणी उभी केली. दोन्ही डाव बरोबरींत सुटले. वही त्याच्या पुष्कळ आधींची होती असें मी मानतों. परंतु ती पुढें ठेवतां येत नाहीं, तेव्हां माझ्या या म्हणण्यास पुरावा समजूं नये.